कोल्हापुरात राजारामपुरीतला रविवारचा क्लास: ‘शेजारी देश एकत्र का येतात’, दहाच्या दहा रविवार बसून लिहितेय

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं इथंच भागेल. राज्यशास्त्राची सेट-नेट करत असाल आणि आंतरराष्ट्रीय संबंधांमधला ‘प्रादेशिक एकात्मता’ (म्हणजे शेजारी देशांनी काही अधिकार एकत्र करणं) हा टॉपिक पाठ करून करून वैतागला असाल तर हा क्लास लावा. फी ३,५०० रुपये, दहा रविवार, सकाळी साडेआठ ते साडेअकरा, मधे दहा मिनिटं चहा. शिकवणं एक नंबर आहे. छापील नोट्स आणि ऑफिसचा कारभार अजिबात चांगला नाही. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली ऑफिसबद्दल जे लिहिलंय त्यावरनं शिकवणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय यायला नको. सेट-नेट करणाऱ्या कुणालाही राजारामपुरीत विचारा, पत्ता मिळतोय.

माझं सांगायचं तर मी सीनियर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबानं, शिकवते. या टॉपिकमधली सगळी नावं मला यायची, मित्रानी म्हणजे कार्यवाद, हास म्हणजे नवकार्यवाद, हॉफमन म्हणजे आंतरशासनवाद, डॉइच म्हणजे सुरक्षा समुदाय. पण वर्गात एखादं पोरगं उठून ‘मॅडम, पण कुठला देश आपला अधिकार आपण होऊन दुसऱ्याच्या हातात कशाला देईल?’ असं विचारायचं तेव्हा मी परत पुस्तकातली व्याख्याच वाचून दाखवायचे. त्या पोराचं समाधान व्हायचं नाही आणि माझंही नाही. हा अख्खा क्लास त्याच एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून मला तो एवढा आवडला.

पहिल्या रविवारी सरांनी एकाही विचारवंताचं नाव घेतलं नाही. फळ्यावर फक्त दोन नावं लिहिली, रूर आणि लोरेन. जर्मनीतल्या रूरला कोळसा, फ्रान्समधल्या लोरेनला लोहखनिज, मधे सीमा. पोलाद करायचं तर दोन्ही पाहिजे आणि तोफा-रणगाडे करायचे तर पोलाद पाहिजे. फ्रान्स आणि जर्मनी १८७०, १९१४ आणि १९३९ असं सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांवर गेले. मग ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान जाहीर करतात की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक अधिकारी मंडळाखाली आणूया, बाकीच्यांनाही दार उघडं आहे. १८ एप्रिल १९५१ ला पॅरिसला सहा देशांनी करारावर सह्या केल्या, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती. इथवर मला माहीत होतं.

मला माहीत नव्हतं ते पुढं आलं. शुमान १८८६ साली लक्झेंबर्गमध्ये जन्मले, घराणं लोरेनचं, जर्मन नागरिक म्हणून वाढले आणि पहिल्या महायुद्धानंतर लोरेन फ्रान्सकडं परत गेल्यावर फ्रेंच झाले. म्हणजे माणूस तोच, सीमा त्याच्या अंगावरनं गेली. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी ट्रेंटो भागातले, तो भाग त्यांच्या तरुणपणी ऑस्ट्रिया-हंगेरीत होता आणि ते व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले होते. पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर ऱ्हाईनकाठच्या कोलोनचे महापौर राहिलेले. तिघंही सीमेकडच्या मुलखातले आणि तिघांनाही एकमेकांशी जर्मनमध्ये बोलता यायचं. एवढं सांगून सरांनी विचारलं, ‘तुमच्यापैकी किती जणांचे पाहुणे कोगनोळी नाक्याच्या पलीकडं, कर्नाटकात आहेत?’ बावीस जणांत सतरा हात वर गेले. माझाही होता, माझं आजोळ निपाणीचं. लहानपणी मामाच्या दारात उभं राहून कन्नडमध्ये भाजीचा भाव करणारी आणि आत येऊन मराठीत ओव्या म्हणणारी आजी मी बघितलीय. शुमान त्या दिवशी मला एकदम जवळचा माणूस वाटला आणि तिथून पुढं या विषयाची भीतीच गेली.

दुसरा रविवार मात्र सगळ्यात भारी. सरांनी सहा गट पाडले, प्रत्येकाला एक देश, आणि हातात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त तुमच्या देशाची १९५० ची अडचण. अट एकच, ‘शांतता पाहिजे’ असं म्हणायचं नाही, ते सगळ्यांनाच पाहिजे होतं, तुम्ही तुमच्या फायद्याचं बोला. आमच्याकडं बेल्जियम आला. चिठ्ठीत लिहिलेलं की तुमच्या खाणी जुन्या आहेत, कोळसा महाग पडतो, जर्मन कोळसा मोकळेपणानं आला तर तुमच्या खाणकामगारांचं काय. मी पहिली दहा मिनिटं ‘आम्ही येत नाही’ यावरच अडून होते. समोर जर्मनी म्हणून बसलेली गडहिंग्लजची एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘आमच्या रूरवर सध्या दुसऱ्यांची देखरेख आहे, आम्हाला बरोबरीनं बसायला खुर्ची मिळत असेल तर आम्ही त्याचे पैसे मोजू.’ आणि तिनं खरंच आमच्या खाणींसाठी वर्गणी द्यायची तयारी दाखवली. मी लगेच सही केली. मग सरांनी सांगितलं की प्रत्यक्षातही असंच झालं होतं, बेल्जियमच्या महागड्या खाणींना सावरायला जर्मनी आणि नेदरलँड्सच्या कोळशावर आकारणी बसवली होती. फ्रान्सला रूरचा कोळसा आणि जर्मनीवर लक्ष पाहिजे होतं. इटलीला आपल्या बेकार लोकांना बाहेर काम पाहिजे होतं. नेदरलँड्स-बेल्जियम-लक्झेंबर्ग या छोट्यांना भीती होती की वरचं मंडळ आपल्याला न विचारता निर्णय घेईल, म्हणून त्यांच्या आग्रहानं मंत्र्यांची परिषद घातली गेली. सहा देश एकाच कागदावर सह्या करतायत आणि सहांची कारणं सहा. मला वाटतं या विषयात पहिल्यांदा हेच समजायला पाहिजे आणि आपल्याकडं नेमकं हेच कुणी सांगत नाही. आपण ‘युरोपला शांतता हवी होती’ असं एक वाक्य लिहून मोकळे होतो.

हे झाल्यावर मग थिअऱ्या सुरू झाल्या, आणि त्या वेळेपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी कारण तयारच असल्यानं थिअरी म्हणजे त्या कारणाला मिळालेलं नाव एवढंच राहिलं.

संघराज्यवाद सरांनी लवकर आवरला. अल्तिएरो स्पिनेल्ली मुसोलिनीच्या कैदेत वेंतोतेने बेटावर होते आणि १९४१ साली तिथंच त्यांनी एर्नेस्तो रॉस्सींबरोबर एकसंध युरोपचा जाहीरनामा लिहिला. राष्ट्रराज्यच युद्धाचं मूळ आहे, तेव्हा एकदम संविधान करून संघराज्य उभारा, असा तो विचार. इथं एकानं विचारलं की मग कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात गेलं ते हेच का, आणि सर ‘त्याच जातीचं’ म्हणाले. मला हे पटलं नाही. आपलं झालं ते विलीनीकरण, संस्थान उरलंच नाही. एकात्मतेत फ्रान्स फ्रान्सच राहतो, झेंडा-सैन्य-निवडणुका सगळं जागेवर, फक्त ठरावीक विषयांचा अधिकार एकत्र ठेवला जातो. हा फरक परीक्षेतही विचारतात, म्हणून लिहिलं.

कार्यवादाच्या तासाला जे झालं ते मी विसरणार नाही. डेव्हिड मित्रानी, मूळचे रोमानियाचे, १९४३ साली त्यांनी मांडलं की आधी राजकारणाला हात घालू नका, टपाल, रेल्वे, नदी, रोगराई अशी जी कामं एकट्या देशाला जमतच नाहीत त्यांच्यासाठी कामापुरती संस्था काढा, लोकांना फायदा दिसला की भांडणाची धार आपोआप कमी होत जाईल. उदाहरणं सरांनी दिली, ऱ्हाईन नदीच्या वाहतुकीचा आयोग १८१५ पासूनचा, जागतिक टपाल संघ १८७४ चा. तेवढ्यात शिरोळ तालुक्यातली एक मुलगी बोलायला लागली. २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी होतं, जनावरं सोडून द्यावी लागली. ती म्हणाली, ‘सर, आमच्याकडं पाऊस थांबला तरी पाणी उतरत नाही, आमचे वडील दर पावसाळ्यात फोनवर दोनच आकडे बघत बसतात, राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग.’ अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर हे तिला पाठ होतं, तारखेसारखं. महापूर नक्की कशामुळं येतो यावर तज्ज्ञांत वाद आहेत, सरांनी तेही सांगितलं, पण दोन्ही राज्यांच्या पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरांनी रोजच्या रोज एकमेकांना आकडे द्यायचे, हे मंत्र्यांच्या भाषणांपेक्षा कामाचं आहे, आणि मित्रानींचं म्हणणं नेमकं तेच आहे, असं ते म्हणाले. वर्ग गप्प झाला होता. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या पोरांना कार्यवाद शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

पण मित्रानींवरची खरी शंका मी तिथं विचारली आणि उत्तर अर्धवट मिळालं. भारत-पाकिस्तानचा सिंधू पाणीवाटप करार १९६० चा. तीन युद्धांतून टिकला, एवढ्या वर्षांत पाण्याचं काम चाललं, पण त्यातून मैत्री काही उगवली नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतानं तो स्थगित ठेवला. म्हणजे काम चाललं म्हणून राजकारण निवळतंच असं नाही. सर म्हणाले ‘म्हणून तर हास आले’ आणि पुढं गेले. मला तिथं अजून अर्धा तास पाहिजे होता.

हास, अर्न्स्ट हास, १९५८. नवकार्यवाद. त्यांचं म्हणणं असं की नुसतं काम एकत्र करून भागत नाही, वर एक अधिकार असलेली संस्था लागते, आणि एका क्षेत्रात हात घातला की दुसऱ्यात घालावाच लागतो. याला स्पिलओव्हर म्हणतात. सरांनी आपल्या चुलीवरच्या दुधाचं उदाहरण टाळलं याबद्दल त्यांचे आभार, कारण प्रत्येक गाईडमध्ये तेच असतं आणि त्यातनं काही कळत नाही. त्यांनी रेल्वेचं भाडं घेतलं. कोळशावरची जकात गेली, पण परदेशी कोळशाला रेल्वे जास्त भाडं लावत राहिली तर जकात काढून उपयोग काय? मग भाड्यातला भेदभाव काढा. भाडं सारखं झालं तर करांचं काय? असं करत करत एका सवलतीला अर्थ यावा म्हणून दुसरी करावी लागते. शिवाय व्यापारी, कामगार संघटना, पक्ष यांना कळतं की आता निर्णय वर होतायत, मग तेही आपलं वजन तिकडं नेतात. २५ मार्च १९५७ ला रोमचा करार झाला आणि १ जानेवारी १९५८ पासून या सहा देशांची सामाईक बाजारपेठ, म्हणजे युरोपियन आर्थिक समुदाय, सुरू झाली, ती या साखळीतली पुढची कडी.

मग ती साखळी तुटते कुठं, तर शेतीत. आणि इथं आमच्या वर्गातली ऊसवाल्यांची पोरं एकदम जागी झाली. युरोपचं सामाईक शेती धोरण १९६२ पासून, शेतमालाला हमीभाव आणि बाहेरच्या स्वस्त मालाला वेशीवर आकारणी. १९८० च्या दशकात समुदायाच्या बजेटचा जवळपास दोन तृतीयांश पैसा यावरच जायचा. एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), पहिली उचल, दुसरा हप्ता, हे शब्द ज्यांच्या घरात रोजचे आहेत त्यांना हमीभावाचं राजकारण समजवायला लागत नाही. १९६५ च्या जुलैत याच शेतीच्या पैशांवरनं आणि बहुमतानं निर्णय घ्यायच्या मुद्द्यावरनं राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सचे प्रतिनिधीच बैठकांना पाठवायचे बंद केले. रिकाम्या खुर्चीचं संकट म्हणतात ते हे. सहा महिने चाललं, जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला तोडगा निघाला की एखाद्या देशाचा फार महत्त्वाचा हितसंबंध असेल तर बहुमतानं दाबायचं नाही. त्याच वर्षी स्टॅनली हॉफमन यांनी लिहिलं की सैन्य, परराष्ट्र धोरण असल्या जिव्हाळ्याच्या विषयात राष्ट्र आपला हात सोडत नाही, हाच तो आंतरशासनवाद. आणि तसं १९५४ मध्ये आधीच दिसलं होतं, सामाईक युरोपियन सैन्याचा करार फ्रान्सच्याच संसदेनं बारगळवला होता. पुढं हास यांनी स्वतः १९७५ साली आपल्या सिद्धांताच्या मर्यादा मान्य केल्या. सर याबद्दल फार आदरानं बोलले आणि मलाही तो माणूस आवडला.

आता अर्थशास्त्राचा भाग. मला आकडे बघितले की धास्ती वाटते पण जेकब व्हायनर यांचा १९५० चा मुद्दा सरांनी मिरचीवर समजावला आणि आता मी झोपेत पण सांगेन. कल्पना करा आपण एक देश, ब्याडगीवाले शेजारचा देश, गुंटूरवाले लांबचा. गुंटूरची मिरची शंभर रुपये, ब्याडगीची एकशे पंधरा, आपली स्वतःची एकशे चाळीस. सगळ्यांवर तीस रुपये जकात. तर बाजारात गुंटूर पडतं एकशे तीसला, ब्याडगी एकशे पंचेचाळीसला, आपण गुंटूर घेतो. आता शेजाऱ्याशी करार केला, ब्याडगीवरची जकात शून्य, गुंटूरवर आहे तशी. ब्याडगी एकशे पंधराला मिळायला लागली, आपण तिकडं वळलो. गिऱ्हाईक म्हणतं पंधरा रुपये वाचले. पण सरकारचे तीस बुडाले, आणि देशाबाहेर आधी शंभर जात होते ते आता एकशे पंधरा जातात. म्हणजे शेजाऱ्याशी जवळीक करून आपण महागड्याकडनं माल घ्यायला लागलो, याला व्यापार वळणं म्हणायचं. आणि समजा जकात तीसच्या जागी पन्नास असती, तर आधी गुंटूर दीडशेला, ब्याडगी एकशे पासष्टला, मग आपण घरचीच एकशे चाळीसवाली खात बसलो असतो, आणि करारानंतर एकशे पंधराची घेतली असती. हे व्यापार निर्माण होणं. म्हणजे शेजारी एकत्र आले की फायदाच होतो असं डोळे झाकून म्हणता येत नाही, मिरची आणि जकात बघून ठरवायचं. खरं उदाहरण पण आहे, ब्रिटन १९७३ ला समुदायात गेलं आणि न्यूझीलंडचं लोणी-मटण जे वर्षानुवर्षं तिकडं जायचं त्याची वाट अडली. हा तास एवढा चांगला झाला की चहाला कुणी उठलंच नाही. बेला बालासा यांच्या १९६१ च्या पायऱ्या, मुक्त व्यापार क्षेत्र, मग जकात संघ, मग सामाईक बाजारपेठ, आर्थिक संघ, शेवटी पूर्ण एकात्मता, हे सरांनी दहा मिनिटांत उरकलं आणि ते दहा मिनिटांचंच आहे.

अँड्र्यू मोराव्हसिक यांच्या तासाला मी वडिलांना आणलं असतं तर बरं झालं असतं. आमचा गुळाच्या वाहतुकीचा टेम्पो होता. जुलै २०१७ च्या आधी, म्हणजे जीएसटी यायच्या आधी, सीमेवर विक्रीकराच्या चेकपोस्टला लायनीत थांबणं, कागद दाखवणं, रात्र काढणं हे मी लहानपणापासनं ऐकत आलेय. मोराव्हसिक म्हणतात तीन गोष्टी बघा, आधी देशातल्या उत्पादकांना काय पाहिजे, मग सरकारं आपापसात काय घासाघीस करतात, आणि शेवटी दिलेला शब्द कुणी मोडू नये म्हणून कसली संस्था उभी करतात. सरांनी जीएसटी घेतला. एका देशातल्या राज्यांचं आहे हे मान्य, पण चौकट तंतोतंत बसते. माल तयार करणाऱ्या राज्यांना भीती होती की कर आता जिथं माल खपतो तिथं जाणार. म्हणून पाच वर्षं, १४ टक्के वाढ धरून, भरपाईची हमी दिली. जीएसटी परिषदेत केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्र एकटं काही रेटू शकत नाही आणि केंद्राला वगळूनही काही होत नाही. घरी येऊन पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘आम्हाला एवढंच कळलं की कोगनोळीला गाडी थांबायची बंद झाली, पण ते बंद करायला एवढ्या जणांना मनवावं लागलं होय.’ पप्पांचं हे वाक्य मी माझ्या वर्गात सांगते आता.

डॉइच यांच्याबाबतीत माझं सरांशी जमलं नाही. कार्ल डॉइच प्रागमध्ये जन्मलेले, १९५७ ला त्यांनी मांडलं की पत्रं, फोन, प्रवास, व्यापार वाढत गेला की लोकांत आपलेपणा येतो आणि मग भांडण मारामारीनं सोडवायचं कुणाच्या मनातच येत नाही, हाच सुरक्षा समुदाय. सरांना हे फार प्रिय आहे. पण आपल्याकडं एवढ्या सोयरिकी, एवढे बाजार, एवढा गूळ-मिरची-तंबाखू इकडनं तिकडं, तरी सीमाप्रश्न तापला की पहिली एसटी बंद होते. माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला आम्ही निम्मे लोक असेच पोचलो नव्हतो. येणंजाणं आहे म्हणून प्रश्न मिटला असं होत नाही. आपलेपणा आणि राग दोन्ही एकाच रस्त्यावरनं जातात. सर ऐकून घेतात, चिडत नाहीत, ही गोष्ट मोठी आहे.

ब्रेक्झिटवर अर्धा तासच होता पण नेमका. ब्रिटननं युरोपियन युनियन सोडावी का यावर २३ जून २०१६ चं मतदान, सोडायच्या बाजूनं ५२ टक्के, विरुद्ध ४८. हूघ आणि मार्क्स या अभ्यासकांनी २००९ सालीच म्हटलेलं की आता लोकांची ओळख आणि मतपेटी मधे येणार, पूर्वीसारखं वरच्या वर ठरवून चालणार नाही.

आता तक्रारी. छापील नोट्स कृपा करून विश्वासानं वाचू नका. सार्कची, म्हणजे आपल्या दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेची, स्थापना १९८३ छापलीय. स्थापना ८ डिसेंबर १९८५, ढाका. १९८३ ला परराष्ट्रमंत्र्यांची दिल्लीत बैठक झाली होती, ते वेगळं. एका पानावर हास यांच्या नावाखाली हॉफमनचा अख्खा परिच्छेद आहे, हे परीक्षेला पाठ करून गेलेल्या पोराचं काय होईल? मी तिसऱ्या रविवारी ऑफिसमध्ये लिहून दिलं, दहाव्या रविवारीही नव्या बॅचसाठी तोच गठ्ठा झेरॉक्सहून आलेला बघितला. सरांच्या तोंडून एकही तारीख चुकत नाही आणि त्यांच्या नावानं हे वाटलं जातं, याचं मला वाईट वाटतं. रेकॉर्डिंग देऊ म्हणून ॲप दिलं, त्यात दहापैकी चार लेक्चर उघडतात. माझ्या मैत्रिणीला दोन रविवारनंतर परीक्षेच्या ड्युट्या लागल्या, निम्मी फी तरी परत मिळेल का विचारलं तर काउंटरवर नीट उत्तरसुद्धा दिलं नाही. सीएचबीवाल्या बाईसाठी ३,५०० म्हणजे थोडे नाहीत. फी भरायच्या आधी परताव्याचं लेखी घ्या. बाकी गाडी लावायला जागा नाही, आठला पोचा.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार शिकवण्यातलीच आहे, आणि शिकवणं आवडलं म्हणूनच आहे. दहा रविवारांतले साडेनऊ युरोपला गेले. सार्कला शेवटच्या दिवशी वीस मिनिटं. मला समजतं, थिअऱ्या तिथं जन्मल्या. पण शेजारी का येतात हे शिकलो, तर का येत नाहीत हे आपल्याला सगळ्यात आधी कळायला पाहिजे, कारण आपण तिथंच राहतो. सार्कच्या सनदेतच लिहिलंय की दोन देशांमधले वादाचे प्रश्न इथं काढायचे नाहीत आणि निर्णय एकमतानंच, म्हणजे जे दुखतंय त्याला हातच लावायचा नाही. साफ्टा, म्हणजे सार्क देशांचा मुक्त व्यापार करार, १ जानेवारी २००६ पासून लागू, तरी या भागातला आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच फिरतो. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४, काठमांडू. नकाशा बघितला तरी निम्मं समजतं, भारत मधे आणि बहुतेक शेजाऱ्यांच्या सीमा भारताशी, एकमेकांशी नाहीत. बेल्जियमला जर्मनीची भीती वाटली तेव्हा शेजारी फ्रान्स होता, आपल्याकडं छोट्या देशाला भारताची धास्ती वाटली तर तोल सांभाळायला तसं कुणी शेजारी नाही.

आणि दुसरी बाजूही आहे. भारत-नेपाळचा करार ३१ जुलै १९५० चा, उघडी सीमा, पासपोर्ट-व्हिसा नाही. युरोपातला सीमेवरची तपासणी काढायचा शेंगेनचा करार १४ जून १९८५ चा, मोझेल नदीवर बोटीत बसून केला. म्हणजे ज्या गोष्टीचं आपण युरोपमध्ये कौतुक करतो ती आपल्याकडं पस्तीस वर्षं आधीपासनं आहे. कोल्हापुरातल्या किती हॉटेलांत नेपाळची पोरं काम करतात, सरांना डॉइच यांचा तास यावर घेता आला असता. पूर्व आफ्रिकेबद्दल तर क्लासमध्ये शब्द नाही. केनिया, युगांडा, टांझानियानं १९६७ ला समुदाय काढला, सामाईक रेल्वे होती, विमान कंपनी होती, युरोपपेक्षा काही बाबतीत पुढं होते, आणि १९७७ ला सगळं मोडलं. फायदा केनियाकडंच जातोय ही बाकीच्यांची तक्रार आणि वर टांझानियाचे न्येरेरे आणि युगांडाचे अमीन एका टेबलावर बसायला तयार नाहीत. परत उभं केलं ते १९९९ च्या करारानं. आमचा बेल्जियम आठवा, वर्गणीवर सही केलेला. तिथं ज्याला फायदा होतोय त्यानं बाकीच्यांना पुरेसं दिलंच नाही. हे मी विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीत चार दुपार बसून काढलं, तुम्हालाही काढावं लागेल.

शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर मी हे सगळं सरांना सांगितलं. ते डस्टर हातात धरून ऐकत होते, फळ्यावर रूर आणि लोरेन परत लिहिलेलं होतं. म्हणाले, ‘पुढच्या बॅचला चिठ्ठ्यांचा खेळ सार्कच्या आठ देशांचा घेतो, एक अख्खा रविवार. तुम्ही या, भूतान व्हा.’ मी जाणार आहे. नवी बॅच दिवाळीनंतर आहे, ॲडमिशन घेताना ऑफिसला नाही, सरांनाच विचारा की सार्कचा रविवार नक्की आहे का.